उसना मसाला

मिशनची बाई आमच्या वस्तीत राहायला आली तेव्हा मी पालघरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. अडलं तर विचारायचं कुणाला, हा रोजचा प्रश्न होता. इंग्रजी तर फारच अडायचं. चिंचणीहून सकाळची एस.टी., बोईसरला गाडी, मग पालघर, आणि एवढं करून वर्गात बसल्यावर सर काय बोलले त्यातलं निम्मं कळायचंच नाही. बाईंनी वस्तीत विचारणा केली, की संध्याकाळी तासभर येऊन इथली बोली समजावून देणारी एखादी मुलगी मिळेल का, बदल्यात तिला इंग्रजी शिकवीन. मी लगेच हो म्हणू शकले नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

बाबा जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "जा. शीक. पन तिच्या घरचं खायाचं नाय. पानी बी नाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. वसईकडची जुनी गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणे एके काळी विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यालेलं गावच्या गाव बाटलं. खरं-खोटं मला माहीत नाही. पण मिशनची बाई म्हटल्यावर वस्तीतल्या प्रत्येकाच्या मनात आधी ती विहीर आली असणार.

बाई परदेशी गोऱ्या, पन्नाशीच्या होत्या, उंच, केस करडे. नर्सचं आणि सुईणीचं शिक्षण झालेल्या. घाटावर वर्षभर राहून मराठी शिकल्या होत्या, त्यामुळे रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ बोलायच्या आणि आमच्या बायकांचं बोलणं त्यांना कळायचं नाही. मुंबईला गेलेल्या एका कुटुंबाचं कौलारू घर त्यांना भाड्यानं मिळालं होतं, माझ्या काकीच्या घराला लागून. पुढच्या खोलीत त्यांनी बायकांसाठी दवाखाना मांडला. बाक, पांढरा पडदा, औषधांचं कपाट, दारावर मराठीत पाटी. मागे स्वयंपाकघर आणि परसदार.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं. मिशनच्या मुंबईच्या कचेरीनं त्यांना पुढच्या पावसाळ्याच्या शेवटापर्यंत मुदत दिली होती. तोवर बायका दवाखान्यात येऊ लागल्या नाहीत, तर हे घर बंद करायचं आणि बाईंनी घाटावरच्या मोठ्या इस्पितळात जायचं.

"तिथे माझ्यासारख्या पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या. "इथे दुसरी कोणी नाही. मला इथे राहायचं आहे."

आमच्या वस्तीत राहायचं आहे, असं कुणी मनापासून म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं. आम्ही सगळे तिथून बाहेर पडायची स्वप्नं बघत होतो.

पण बायका आल्या नाहीत. बाक रोज पुसला जायचा आणि रोज रिकामा राहायचा. मग बाईच घरोघर जायच्या. कुणाच्या पोराला खरूज झाली तर मलम, कुणाला दुधाच्या भुकटीचा डबा. बायका दारातच उभ्या राहून घ्यायच्या, "बस" म्हणायच्या नाहीत. बाई परत आल्या की मला विचारायच्या, "आज त्या हसल्या. हे चांगलं आहे ना?" मी हो म्हणायची. त्या कशाला हसल्या ते मला माहीत असायचं.

बहुतेक वेळा ताडीला हसलेल्या असायच्या. बाईंना भात चालायचा, मासळी आवडायची, पण सकाळी पावाचा तुकडा लागायचाच. बोईसरच्या बाजारातला पाव एस.टी.तून येईपर्यंत दगड व्हायचा. म्हणून त्यांनी बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात तळाला वाळू घालून भट्टी केली होती. खाली शेगडी, वर झाकणावर निखारे. पीठ फुगवायला त्यांच्या देशातलं काही इथे मिळेना, तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं, की किनाऱ्यावरचे ख्रिस्ती लोक ताडी घालतात. झालं. एक दिवसाआड सकाळी बाई हातात बाटली घेऊन ताडीवाल्यासमोर उभ्या. दारूच्या थेंबालाही न शिवणारी ही बाई, आणि सगळ्या वस्तीत बोभाटा, की मडम बाय उजाडलं की ताडी लावते.

माझी काकी त्यात सर्वांत पुढे. काकी मासे विकायला तारापूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत जायची. तिथे ती साहेबांच्या बायकांशी हिंदीत घासाघीस करून यायची, तिची जीभ कुणाला भ्यायची नाही. एकदा ती परसातून मोठ्यानं म्हणाली, "गो मडम बाय, सांजची बी घे एक बाटली, झोप बरी लागंल."

बाईंनी मला विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मी म्हणाले, "तुमची विचारपूस करतात."

तसं ते खोटंही नव्हतं.

तरी मला त्या स्वयंपाकघरात बरं वाटायचं. इंग्रजीचा तास तिथेच व्हायचा, कारण रॉकेलच्या स्टोव्हजवळ उजेड चांगला होता. बाई कांदा चिरता चिरता मला वाक्यं बनवायला लावायच्या. एकटीचं जेवण त्या एवढं मन लावून करायच्या, की मला आधी त्याचं नवल वाटलं आणि मग थोडं वाईट वाटायला लागलं. एक ताट, एक वाटी, एक पेला. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना. मला कधी त्यांनी डोळे मिट म्हटलं नाही, आणि बाबांची अट सांगितल्यापासून पाणीसुद्धा विचारलं नाही. एकदा मीच धीर करून विचारलं, "तुम्हाला आम्ही ख्रिस्ती व्हायला हवे आहोत का?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "ते माझ्या मनात नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण कुणाला फसवून मी घासभरही खायला घालणार नाही. हे तुझ्या बाबांना सांगू शकतेस."

मी सांगितलं नाही. कसं सांगायचं तेच कळेना. पण त्या दिवसापासून मला त्यांचा भरवसा वाटू लागला.

चैत्र आला. आमच्याकडे चैत्र-वैशाख म्हणजे वर्षाचा मसाला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या, की सुकी मासळी आणि मसाला यांवरच घर चालतं. बाईंनाही हे कळलं होतं. त्यांनी बाजारातून लाल मिरच्या आणल्या, धणे, हळकुंडं, दगडफूल, सगळं माझ्या आईला विचारून मी सांगितलं तसं, आणि मिरच्या अंगणात चटईवर उन्हात घातल्या. येता-जाता सगळ्या वस्तीनं त्या पाहिल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा सांगण्यासारखी आहे असं वाटलंच नव्हतं. आमच्या वस्तीत मसाला कुटायला कुणी कुणाला बोलावत नाही. अंगणात मिरच्या दिसल्या, की तेच बोलावणं. दोन-तीन उन्हं खाल्ली की शेजारणी आपापली मुसळं घेऊन येतात, देठ मोडतात, भाजतात, कुटतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. निघताना प्रत्येकीला नव्या मसाल्याचा वानवळा मिळतो, आणि मग वर्षभर कुणाचा मसाला कसा झाला यावर वाद घालता येतो. बोलावणं धाडलं तर उलट बायका म्हणतील, हिला काय आम्ही परक्या वाटलो?

त्या दिवशी माझा पेपर होता. मी पालघरला होते. संध्याकाळी परतले तर काकी ओट्यावर बसलेली, मुसळ भिंतीला टेकवलेलं, आणि चेहरा असा की मी चपला काढायच्या आधीच विचारलं, "काय झालं?"

"काय व्हायचं? आमी गेलो. तिघीजनी. मुसळं घेऊन, डोकी बांधून. म्हटलं बाई मानूस, एकटी, परक्या मुलखात, तिला कोन कुटून देनार? तर दाराला टाळं."

"मग?"

"मंग काय! दुपारच्या एस.टी.तून उतरली तुजी मडम. हातात पत्र्याचा डबा, गावभर वास. बोयसरला कांडपाच्या मिशीनवर जाऊन दळून आनला. आमी तिघी मुसळं घेऊन रस्त्यात उभ्या. आमच्याकडं बगून हसली बी."

"त्यांना माहीत नसेल, काकी."

"माहीत नाय कशी? मिरच्या आठ घरांसमोर वाळवल्या ना तिनं? आमच्या हाताचं तिला चालत नाय, हे बोल. पावाला ताडीवाल्याचा हात चालतो. आमचे हात तेवडे मासळीचे."

मी धावत बाईंकडे गेले. त्या खुशीत होत्या. डबा उघडून मला दाखवला. मसाला अजून कोमट होता. मी चाचरत सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पण मी तर त्यांना संकटात टाकायचं नाही म्हणून गेले," त्या म्हणाल्या. "त्या माझ्या घरचं पाणी पीत नाहीत. माझ्या मिरच्यांना हात लावा असं मी कसं म्हणणार? त्यांना तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं. ते मला नको होतं."

एका भिंतीच्या अलीकडे बाईंना वाटत होतं की आपल्या अन्नाचा यांना विटाळ, पलीकडे काकीला वाटत होतं की आपल्या हातांचा तिला विटाळ. दोघी आपापल्या जागी दुखावलेल्या. मधे मी, दोन्ही भाषा येणारी, आणि मला एकही वाक्य सुचत नव्हतं. कॉलेजात शिकलं म्हणजे अशा वेळी काहीतरी सुचतं अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांच्या पद्धतीनं क्षमा मागितली. तिन्ही घरी दुधाच्या भुकटीचा एकेक डबा नेला. काकीनं तो घेतला नाही. माझ्यादेखत, शांतपणे म्हणाली, "नको. माज्या घरात कोन आजारी नाय."

बाई गेल्यावर मला म्हणाली, "सारकी देत सुटती. कवा मागत नाय. असं मानूस काय कामाचं? सरकारी दवाखान्यासारकं."

मी ते वाक्य बाईंना जसंच्या तसं सांगितलं. सांगू की नको असा फार विचार केला, पण सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे लहानपणी शिकवतात, की शेजाऱ्याकडे काही मागू नये. मागणं म्हणजे ओझं टाकणं."

पुढचे दोन महिने पुढच्या खोलीत कुणी म्हणजे कुणी फिरकलं नाही. जी एखादी मलमासाठी थांबायची तीही थांबेना. बाई एकदा म्हणाल्या, "आता फक्त पावसाळा राहिला," आणि मी विषय बदलला.

पाऊस लागला. आषाढातल्या एका संध्याकाळी मी गेले, तर बाईंनी मसाल्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. कोमट मसालाच त्यांनी दाबून भरला होता, हिंगाचे खडे घालायचे राहिले होते, आणि आमच्याकडची दमट हवा. वर पांढरी-हिरवी बुरशी. वास तर असा, की मी झाकण लावून टाकलं. तीन-चार दिवस त्या नुसते मीठ घातलेले सुके बोंबील उकडून भाताबरोबर खात होत्या. ज्यानं कधी ते खाल्लेत त्यालाच त्यातलं दुःख कळेल.

"माझ्या घरून आणू का?" मी विचारलं.

त्या उठल्या, फळीवरची स्टीलची वाटी घेतली, पदर नव्हता तरी डोक्यावर टॉवेल घेतला, आणि मागच्या दारानं पावसात बाहेर पडल्या. मी मागोमाग. काकीच्या परसदारी जाऊन त्या उभ्या राहिल्या. काकी चुलीपाशी, तिची पोटुशी सून कणी निवडत बसलेली. सुनेचं पहिलंच बाळंतपण होतं.

बाईंनी वाटी पुढे धरली. "मला थोडा मसाला हवा आहे. उसना."

काकीनं वाटीकडे बघितलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत होते.

"ती मिशीनची पूड कुटं गेली?"

"बिघडली. बुरशी आली."

"अगो बाई!" काकीनं हात कपाळाला लावला. "मंग तिला परत बोयसरला सोड. तिकीट काडून."

सून तोंडावर हात ठेवून हसली. बाईंना ते कळायला एक क्षण लागला. मग त्याही हसल्या. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. काकी उठली, बरणी काढली, वाटी दाबून भरली, वर शीग आली तरी आणखी एक चमचा घातला.

"उसना हाय बरं का. फुकट नाय. परत करायचा."

"पण माझ्याकडे मसाला नाही. मी परत काय करू?"

"मला काय ठाव? तुज्या घरात काय आसंल ते."

दोन दिवसांनी बाईंनी वाटीत साखर भरून नेली. काकीनं ती बघितली आणि जागची हलली नाही. "साकर तर दुकानात मिळते. तुज्या हातचं काय नाय का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या माझ्याकडे वळल्या. मी मान हलवली. त्या घरी आल्या, शेगडी पेटवली, आणि तिसऱ्या प्रहरी डब्यातून काढलेला पाव फडक्यात गुंडाळून घेऊन गेल्या. मी दारात उभी राहिले. काकीनं चहा ठेवला होता. पाव तिनं हातात घेऊन आधी दाबून बघितला, उजेडात धरून बघितला. आमच्या काळजात काय चाललं होतं ते तिला ठाऊक असणार, पण तिनं घाई केली नाही. मग एक तुकडा मोडला, चहात बुडवला आणि खाल्ला.

"ताडीचा वास नाय येत," ती म्हणाली.

"भाजल्यावर जातो," बाई म्हणाल्या.

"मंग उगाच वाया घालवतेस," काकी म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "वैनीनं पाव खाल्ला म्हनं?"

"हो."

ते बराच वेळ भात कालवत राहिले. "गोड आसतो का खारट?"

"मला काय माहीत? मी कुठे खाल्लाय?"

"मंग खाऊन सांग," बाबा म्हणाले. एवढंच. बंदी घालताना जेवढे शब्द लागले होते, उठवताना त्याहून कमी लागले.

त्यानंतरचं मला नीट क्रमानं आठवत नाही, कारण ते एका दिवसात झालं नाही. बाईंकडे वर्षाचा मसाला नव्हता, म्हणजे दर चार दिवसांनी कुणाच्या तरी घरी वाटी न्यायला लागायची. आज काकीकडे, उद्या पलीकडे. वाटी गेली की परत यायची, परत आली की पुन्हा जायची. बाई पेरूची जेली करायला लागल्या, केळ्यांचा केक, आमच्या आईला आवडलेलं आंबट लोणचं. आणि वाटी द्यायला किंवा न्यायला बायका यायच्या त्या मागच्या दारानं, न ठोठावता, पाय पुसत. स्वयंपाकघरात टेकायच्या. टेकल्या की बोलायच्या. बोलता बोलता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट, "आमची पोर दोन महिन्याची झाली, तरी आंग धरत नाय," किंवा "रातीचा खोकला थांबत नाय." बाई भाजी ढवळत ऐकायच्या, मग हात धुऊन पुढच्या खोलीतून काहीतरी घेऊन यायच्या.

एकदा काकीची सून वाटी घेऊन आली. बाईंनी तिच्या पायांकडे बघितलं. पावलं सुजली होती. तिला पाटावर बसवून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. दाब वाढलेला होता. त्या दिवसापासून सुनेनं आठवड्यातून एकदा यायचं, मीठ अगदी कमी करायचं, असं ठरलं. मिठावरून काकी आठवडाभर भांडली. "कोळ्याच्या घरात मीठ नाय खायाचं? आमी समिंदरात ऱ्हातो गो!" पण सुनेला पाठवत राहिली. आणि प्रत्येक वेळी यंत्रासाठी पुढे जायला नको, म्हणून बाईंनी ते तांदळाच्या पिंपावर ठेवलं. मग थर्मामीटर आला. मग औषधांचं अर्धं कपाट. श्रावण संपेस्तोवर पुढच्या खोलीत बाक आणि पडदाच उरला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि बाईंना निरोप आला, की कचेरीतली माणसं येत आहेत.

जीपमधून दोघं आले. एक वयस्कर गोरे साहेब आणि एक आपल्याकडच्याच बाई, सुती साडीतल्या, चष्म्यातून सगळं नीट बघणाऱ्या. मी वाढायला मदतीला होते. पुढच्या खोलीत त्यांनी बाक बघितला. पाहुण्या बाईंनी बाकावरून बोट फिरवलं. धूळ होती. तो पुसायचं आमच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"दिवसाला किती बायका येतात?" साहेबांनी विचारलं. त्यांचं मराठी आमच्या बाईंपेक्षा बरंच जुनं आणि सवयीचं होतं.

"या खोलीत?" बाई म्हणाल्या. "कुणी नाही."

त्या पुढे सांगतील असं वाटलं, पण त्या घाबरल्या होत्या. घाबरल्या की त्यांना शब्द सापडत नसत, हे मला आता कळत होतं, कारण माझंही तसंच व्हायचं.

तिथेच तिघं जेवायला बसली. कोलंबीचं कालवण, भात, पाव. तेवढ्यात मागचं दार करकरलं. सुनेचा रक्तदाब मोजायचा दिवस होता. ती आणि काकी आत आल्या होत्या. बाई ताटावरून उठल्या, हात धुतले, पाहुण्यांना "एक मिनिट" म्हणाल्या आणि आत गेल्या. पाहुण्या बाईही उष्ट्या हातानं त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. मी तिथेच होते.

सून पाटावर बसलेली, दंडावर पट्टा. यंत्र तांदळाच्या पिंपावर. बाजूला तिखटाच्या डब्याशेजारी औषधांच्या बाटल्या ओळीनं.

"स्वयंपाकघरात दवाखाना?" पाहुण्या बाई हलकेच म्हणाल्या. मग काकीला, "पुढे एवढी खोली आहे. तुम्ही तिकडे का नाही जात?"

काकीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "पुडं दवाखाना हाय. आमी काय दवाखान्यात आलोय? आमी वाटी द्यायला आलोय."

हातात खरंच वाटी होती.

"आणि अशा कितीजणी वाटी द्यायला येतात?"

"सगळ्याच येतात. हिच्याकडं मसाला कुटं हाय? आमी नाय दिला तर उपाशी मरंल."

पाहुण्या बाई सुनेच्या पावलांकडे बघत होत्या. सूज उतरली होती. बाईंनी कानातली नळी काढून आकडा सांगितला, मागच्या वेळेपेक्षा कमी.

पुढच्या खोलीत परतल्यावर साहेबांनी विचारलं, "त्या औषधासाठी येतात की वाटीसाठी?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारलं नाही. विचारलं तर कदाचित येणार नाहीत."

"आणि प्रार्थनेला?"

"नाही. कुणी नाही." मग म्हणाल्या, "मी त्यांच्या घरी मागायला जाते. आले तेव्हा मला ते येत नव्हतं."

साहेब पावाचा तुकडा कालवणात बुडवत राहिले. तो क्षण मला आजही आठवतो, कारण तेव्हा मी मनात देवाला काहीतरी म्हणाले, आणि कुठल्या देवाला ते माझं मलाच कळलं नाही.

जीपमध्ये चढताना ते दोघं आपसांत इंग्रजीत बोलले. पाहुण्या बाईच जास्त बोलत होत्या. मग साहेब बाईंकडे वळले. "ही जागा राहू दे. मी तसं सांगेन. सुनेचं बाळंतपण होईस्तोवर तरी तुम्हाला इथून कोण हलवणार?" आणि दार ओढून घेताना, "बाक मात्र आत घ्या. त्या बिचाऱ्या जमिनीवर बसतात."

जीप वळणाआड गेली तरी बाई अंगणात उभ्या होत्या. आम्ही आत आलो तेव्हा काकी तिथेच, सुनेला घरी पाठवून एकटी बसलेली. तिनं काय झालं ते थेट विचारलं नाही. कालवणाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघत म्हणाली, "जातेस का ऱ्हातेस?"

"राहते," बाई म्हणाल्या.

काकीनं पळी घेतली, तळहातावर थोडं कालवण घेऊन चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "काय गो हे! आळनी! माज्या सुनंला मीठ नको तर पाव्हन्यांनी काय पाप केलं होतं? आनि मसाला कुनाचा हा, माजा नाय."

"पलीकडच्या घरचा आहे."

"तरीच."

तिनं मिठाचा डबा स्वतः शोधून काढला, चिमूट घातली, ढवळलं, परत चाखलं. मग फळीवरून एक ताट घेतलं, भात वाढून घेतला, त्यावर कालवण ओतलं आणि बाईंच्या स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून जेवायला बसली. दुपार कलली होती. वसाहतीतून मासे विकून आल्या पावली ती सुनेला घेऊन इकडे आली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

बाई तिच्यासमोर बसल्या. काकीचा भात संपत आला तसं त्यांनी विचारलं, "आणखी वाढू?"

"वाड की," काकी म्हणाली. "विचारतेस काय?"